धुतलेले हात

“माई सून येडी नाही, मॅडम. लय सोवळ्याची हाय,” असं म्हणत बेबीताईंनी दीपमालाचे दोन्ही हात धरून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले, बाजारात माल दाखवावा तसे. हात पांढरेफटक पडले होते आणि बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या होत्या.

अंजनगावहून सकाळच्या एसटीने त्या अमरावतीला आल्या होत्या. दीपमालाची वर्षाच्या आतली लेक खुशी आजीच्या कडेवर होती. घरचा पानमळा; मळ्यात शिरायचं तर चपला बाहेर काढून, हातपाय धुऊन, हा रिवाज. सून घरातही दिवसभर हात धुते, याचं बेबीताईंना कोण कौतुक होतं. पण भर थंडीत ती न्हाणीतून उठेना, तेव्हा त्यांनी तिला तिकडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सासूचंच तेवढं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर स्किझोफ्रेनिया लिहून दिला. गोळ्यांनी दीपमाला पेंगायला लागली, बोलताना तिची जीभ अडखळायला लागली. हात धुणं काही सुटलं नाही. सुनेला वेडी ठरवलेलं बेबीताईंना मुळीच पटलं नव्हतं, म्हणून ही दुसरी खेप.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली आणि बेबीताईंना बाळ घेऊन बाहेर बसायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण गेल्या. दार लागलं. दीपमालाच्या वतीने बोलणारं आता कोणी नव्हतं.

हात नाही धुतले तर काय होईल, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पानाचे वेल सडतील, ती म्हणाली. हे उत्तर तिच्या तोंडात बसलेलं होतं. घरी तेच चालायचं. खरंच सडतील का, असं विचारून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

वेल सडणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती सांगितली की खुशी गेली. आपल्याला माहेरी धाडतील, पोर ठेवून घेतील, पुन्हा नजरेलाही पडू देणार नाहीत. नाही सांगितली तर आहेतच त्या गोळ्या. बाहेर खुशी किरकिर करत होती. दीपमालाने हात पदराखाली घेतले.

“या हातानं मी माया लेकराचा गळा दाबीन, असं येते मनात,” ती म्हणाली. “घडीघडी येते.”

बोलून गेल्यावर ती दाराकडेच बघत राहिली. आता कोणीतरी आत येणार आणि आपल्याला धरून नेणार, असं तिला वाटलं.

डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. “दाबावासा वाटतो, की आपल्या हातून दाबला जाईल याची भीती वाटते?”

असं वेगळं करून तिला कोणी विचारलंच नव्हतं.

“भेव वाटते, मॅडम. म्हणून त मी तिले घेतच नाही. तिचं आंग धुणं, चारणं, सारं सासूच करते.” आणि तिला रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं. मग जुनी चिठ्ठी बाजूला सारून त्या म्हणाल्या की यावर लिहिलेला आजार मला तरी दिसत नाही, भीतीचा दिसतो. पण अजून दोनतीनदा बसून नीट तपासल्याशिवाय मी कशालाच नाव देणार नाही. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्यांचं मी बघते. एवढं सांगून त्यांनी दार उघडलं आणि बेबीताईंकडून बाळ मागून घेतलं.

खुशीला बघताच दीपमाला उठून कोपऱ्यातल्या बेसिनकडे निघाली.

“हात नंतर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आधी हिला घ्या. मी इथेच आहे.”

बाळ मांडीवर आलं. दीपमालाने दोन्ही हात वर धरले, बाळापासून जमेल तेवढे लांब. खुशीने मान वर करून पाहिलं, एक बोट पकडून खाली ओढलं आणि सरळ तोंडात घातलं. तिला नुकतेच दात येत होते. चिरा गेलेलं ते न धुतलेलं बोट ती मन लावून चावत बसली.