माटोळीची राखण

पेडण्याच्या पुंडलिक परबांनी आषाढात अंथरूण धरलं आणि घरातली माणसं एकाएकी गोड झाली.

तसा वेळ मुलाकडे आणि सुनेकडे नव्हता. यंदा माटोळीची स्पर्धा जिंकायचीच आणि गणपतीच्या डोक्यावर बांधायची ती फळं-भाज्या सगळी आपल्याच परसातली, असा सगुणचा आणि त्याच्या बायकोचा, सिद्धीचा हट्ट होता. वैशाखात पाणी ओढून सगुणची कंबर गेली होती, आता पावसात गोगलगायी वेचून सिद्धीचे हात कुजत होते. तरीही ती वेळच्या वेळी सासऱ्याला पेज भरवायची. सगुण डॉक्टरला घरी घेऊन यायचा.

"बाबा, धीर सोडू नका हां. चवथ होईपर्यंत तुम्हाला कायएक होता नये," कोहाळ्याखाली गवत सारावं तशी सासऱ्याच्या मानेखाली उशी सारत सिद्धी म्हणायची.

म्हाताऱ्याला भरून यायचं. "ह्या पोरांसाठीच जीव धरून आहे हो," ते डॉक्टरला सांगायचे.

चवथ तोंडावर आली आणि माकडांची टोळी परसात उतरली. कोहाळा फोडला, चिबूड खाल्ले, दोडकी वेलासकट ओढून नेली.

त्या दुपारी पेज आली नाही. डॉक्टरही आला नाही.

तिन्हीसांजेला सगुण खाटेवर येऊन बसला. बापाचा हात त्याने हातात घेतला.

"बाबा, स्पर्धेतून नाव काढून घेतलं. आता घरात सुतक आलं तरी काही अडत नाही. तुम्ही आमच्यासाठी उगाच जीव धरून राहू नका."