माशी आढळली नाही

माशी निर्मूलन खात्याचे इंगवलेसाहेब अळ्यांच्या ट्रेखाली बॅटरी मारून माशी शोधत होते. सरकारनं देशातली शेवटची माशी त्यांच्या जन्माआधीच मारली होती. खातं तेवढं जिवंत राहिलं होतं.

अक्काताई पोवार आपल्या शेडमध्ये लोकांच्या पाळीव सरड्यांसाठी अळ्या वाढवायची. परवानगी फक्त एका परदेशी कंपनीच्या अळ्यांना होती. त्यांची माशी कधी होतच नसे, म्हणून अंडी दरवेळी कंपनीकडूनच आणावी लागत. अक्काताईनं मात्र मागच्या जाळीत जुन्या वाणाच्या माश्या जपल्या होत्या, आणि आज नेमकी त्यातली एक निसटली होती. ती सापडली तर खातं सगळी शेड जाळणार होतं.

साहेब आता छताकडे बघू लागले.

"वर काय बघताय, साहेब?"

"ट्रेनिंगला मोठ्या पडद्यावर माशी दाखवली होती आम्हाला." त्यांनी दोन्ही हात फाकवले. "एवढी असते. लपून लपणार कुठं?"

अक्काताईनं तोंडाला पदर लावला. परीक्षेत पहिला आला असणार मेला!

तेवढ्यात माशी साहेबांच्या नाकावर बसली. त्यांचा हात आपोआप झटकला गेला. हाताला कळलं, ते डोक्यापर्यंत काही पोचलं नाही.

"हे बारीक काळं काय आहे हो?"

"किडा हाय. तुमच्या खात्यात येत न्हाई."

"मग ठीक आहे."

साहेबांनी 'माशी आढळली नाही' असं लिहून खाली झोकदार सही केली. माशी कागदावर उतरली, तिनं निवांत पाय चोळले आणि सहीवर हगून उडाली.