अर्ध्या भाकरीचा हुकूम

"तोंड उघड," म्हणत आप्पा वस्तादांनी लेकीच्या श्वासाचा वास घेतला. शेंगदाण्याचा नाही, तुपाचा नाही. तरी वजनकाटा पंधरा दिवस पंचावन्नावरच हटून बसलेला, आणि कुस्तीच्या निवड चाचणीत वैजूला त्रेपन्न किलोच्या गटात उतरायचं होतं. अर्ध्या भाकरीवर कुणाचं वजन अडतं? त्यांनी तिची गादी उलटली, दप्तर झाडलं.

"पोरीपेक्षा घरातला उंदीर जास्त खातोय," चुलीपुढून आई म्हणाली. "त्याचंबी तोंड हुंगा."

चिडून आप्पांनी वैजूला तालमीच्या लाल मातीत घेतलं आणि मान पुढं केली. दोन महिन्यांपूर्वी तिचा हात मानेवर पडला, की त्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आज तो हात सैल बांगडीसारखा घसरला. त्यांनी तिचा दंड चाचपला, पोटरी दाबून पाहिली. कमावलेलं मांस कुठं गेलं?

चुलीला लाकूड मिळेना, म्हणून वैजूच्या देहानं घराचेच वासे जाळले होते. वासे सरत आले, तशी आगही बारीक केली होती. आता अर्ध्या भाकरीतसुद्धा त्याचं भागत होतं. आणि त्या अर्ध्या भाकरीचा हुकूम आप्पांचाच.

त्यांनी स्वतःच्या हातानं दूध तापवलं, त्यात बदाम घोटले. "पी, माय. पंचावन्नातच खेळू."

वैजूनं दोन्ही हात पाठीमागं नेले. बापाच्या चेहऱ्याकडं निरखून बघत ती हळूच म्हणाली, "परीक्षा बघताय व्हय माझी?"