हनोराच्या पातेल्यात गाजर

गॉबनिटने गाजर सोलायला घेतलं, तशी थेडीने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गेलं, काका?"

"अजून कोणी नाही. पण ते पातेल्यात पडलं तर सांगवत नाही."

थेडी शेजारचा. सत्तरी ओलांडलेला, एकटा. गॉबनिट बाजारात गेली की तिच्या आईजवळ तोच बसायचा. आजही सकाळी ती मटण आणायला गेली, तेव्हा तो बसला होता.

आई, हनोरा, पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत होती. मार्चमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. मे संपेपर्यंत हातपाय पूर्ववत झाले. वाचा मात्र आली नाही. आता सप्टेंबर चालू होता.

"मेंदू बराच सावरलाय," डिंगल गावचे डॉक्टर म्हणाले होते. "शब्द कधी येतील, सांगता येत नाही. कधीकधी माणूस रागाच्या भरात बोलून जातो."

गॉबनिट डब्लिनला एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. तिने रजा तीनदा वाढवली होती. काल साहेबांचा फोन आला, महिनाअखेर आली नाहीस तर जागा दुसऱ्याला देऊ. स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली होती, "आई एक शब्द बोलली, तरी त्याच दिवशी निघते. पण तिला अशी मुकी सोडून नाही येणार." मग ती गावातल्या दुकानात गेली आणि गाजरं घेऊन आली.

हनोराच्या स्टूमध्ये मेंढीच्या मानेचं मटण, कांदा, बटाटा, मीठ, पाणी आणि वरून थोडी पार्सलीची पानं. संपलं. मटण परतायचं नाही, रस्सा पांढराच राहिला पाहिजे. गाजर घालणारी घरं तिला पाठ होती. त्या घरांत ती फक्त मयताला जायची.

"पोरी, ऐक माझं," थेडी दाराकडे बघत हळूच म्हणाला. "तिला फुलं आण. रेडिओ लाव. हे नको."

"फुलं झाली, रेडिओ झाला, पाद्रीसुद्धा येऊन गेले. राग तेवढा राहिलाय."

तिने चरबी कडक तापवली आणि मटण सोडलं. चर्र आवाज झाला. पलीकडे खुर्ची करकरली.

"झालं!" थेडी पुटपुटला.

मटण चांगलं तांबूस झाल्यावर तिने पाणी ओतलं. मग चार गाजरं, बोटभर जाडीचे तुकडे करून. मग मूठभर सातूचे दाणे.

थेडीने छातीवर क्रूस काढला. "सातूसुद्धा?"

"सातूसुद्धा."

बटाटे मात्र तिने रीतीने लावले. पिठूळ बटाटे खाली, विरघळून रस्सा दाट करायला. घट्ट बटाटे वर, अख्खे.

"ते मोडू देऊ नकोस," थेडी म्हणाला. "हल्ली तिला मोडलेले चालत नाहीत."

"हल्ली?"

"म्हणजे, नेहमीच गं." तो खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजू लागला.

दोन तास पातेलं मंद आचेवर होतं. फक्त कडेला बारीक बुडबुडे येत होते. मग गॉबनिटने खोलगट ताटलीत वाढलं, आईच्या मांडीवर रुमाल पसरला आणि समोर उभी राहिली. थेडी दारातच थांबला.

हनोराने ताटलीकडे पाहिलं. चमच्याने गाजराचा एक तुकडा उचलून कडेला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. सातू बाजूला सारण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. शेवटी एक घास तोंडात घातला.

गॉबनिट तिच्या ओठांकडे बघत राहिली.

हनोराने चमचा खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

"हे काय आहे?"

आवाज थोडा घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होते.

"काय आहे हे, गॉबनिट? मटण करपवलंस, वर सातू, वर गाजर! माझ्या घरात? माझी आई असती तर हे कुत्र्यापुढेही ठेवलं नसतं. कुत्र्याची दया आली असती तिला!"

गॉबनिटने जमिनीवर बसून आईच्या गुडघ्यांना मिठी मारली. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

"अजून बोल, आई. शिव्या दे. भरपूर दे!" मग मान वळवून ती ओरडली, "काका, ऐकलंत? बोलली! जिंकले मी!"

थेडी दारातल्या दारात अंग चोरून उभा होता.

हनोराने लेकीच्या केसांवर हात ठेवला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"आणि तू रे, थेड्या? सकाळी तुला किती वेळा बजावलं होतं मी, हिला आवर म्हणून? चालली आता ही डब्लिनला!"