डुरकणी

तामातीनं मारलेल्या हरणाची शिंगं पबच्या भिंतीवर चढली, त्या दिवसापासून नेविलनं त्याच्याशी बोलणं टाकलं. माजावर आलेला नर दुसऱ्या नराची डुरकणी ऐकली की जळफळत चालून येतो. रबरी पाइपातून तशी हुबेहूब डुरकणी काढायला तामातीला शिकवलं नेविलनं, आणि गावभर वाहवा मात्र तामातीची!

एप्रिलातल्या एका सकाळी नेविलच्या घरामागच्या टेकाडावर नर डुरकला. केवढा दांडगा आवाज! हाही तामातीलाच मिळाला तर? माणसाचा वास लपावा म्हणून नेविलनं अंगभर हरणीच्या मुताचा अर्क चोपडला, बंदूक उचलली आणि काट्याकुट्यांतून धापा टाकत टेकाड गाठलं.

वर शेकोटी पेटली होती. किटलीत चहा, शेजारी दोन मग, आणि मांडीवर पाइप घेऊन बसलेला तामाती.

“फोन केले, दारात येऊन गेलो, तू काही बाहेर येईनास,” तामाती म्हणाला आणि नाक दाबून हसला. “अर्कबिर्क लावून आलास होय! बस लेका, चहा घे. जळका नर कसा बोलवायचा, ते तूच शिकवलं होतंस ना?”