एकेरी मार्गावरचा छेदनबिंदू

रेल्वेच्या नियंत्रणकक्षात निंबदरीच्या स्टेशनमास्तरांचा फोन आला होता. त्यांची बायको फलाटावर उभ्या पॅसेंजर गाडीत बाळंतवेणांनी तळमळत होती. गाडी लगेच सुटली, तरच ती जिल्ह्याच्या इस्पितळात पोचणार होती.

शिकाऊ नियंत्रक हेमांगी गाड्यांच्या वेळांच्या आलेखावर वाकली. एकेरी रुळांवर समोरून मोठ्या साहेबांची स्पेशल गाडी येत होती. दोन गाड्यांच्या तिरप्या रेघा ज्या स्थानकावर छेदतात, तिथे एकीने वाट पाहायची, हे ती नुकतीच शिकली होती. तिने छेद पेन्सिलीने पुढच्या स्थानकावर सरकवला. "सर, स्पेशलच थोडी थांबेल."

"साहेबांना ताटकळत ठेवता? नोकरी जड झालीय वाटतं, बाई!" मुख्य नियंत्रक देवकुळ्यांनी तिचा छेद खोडून पुन्हा निंबदरीवर आणला.

पाऊण तासाने स्पेशल निंबदरीला आली; पॅसेंजर तोवर तिथेच उभी होती. मास्तरांनी स्वतःच हिरवे निशाण दाखवून स्पेशल पुढे काढली. मग फोनवर त्यांचा शांत, कोरडा आवाज आला. "स्पेशल पास झाली. पॅसेंजर सोडतोय. बायको-बाळाचे देह उतरवून घेतलेत. आता घाई नाही."

"सर, पुढच्या स्थानकावर छेद बसत नव्हता का?" हेमांगीने विचारले.

देवकुळ्यांनी जेवणाचा डबा उचलला आणि ते निघून गेले.