पप्पांच्या आवाजाची वॉरंटी

"आई, सही केलीस तर बघ! एवढ्या पैशांत नवी बाईक येईल!" निनाद शोरूममध्येच ओरडला.

"अरे, वॉरंटी वाढवली नाही, तर गाडीतला पप्पांचा आवाज बंद करतील."

पप्पा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या या गाडीने त्यांचं बोलणं शिकून घेतलं होतं आणि ती त्यांच्याच आवाजात बोलायची.

निनाद तणतणत गाडीत बसला. "पप्पा, तुम्हीच समजवा हिला." भाजीवाल्याकडे फुकट कोथिंबीर मागणारे पप्पा नाहीच म्हणणार, याची त्याला खात्री होती.

"घेऊन टाक रे, निन्या," गाडी पप्पांसारखंच खाकरून म्हणाली. "सगळ्यात महागाचा प्लॅन घे. ऑफर आजच आहे."

निनाद थिजला. पप्पांच्या तोंडून कंपनी बोलत होती.

आईचे डोळे भरून आले. "ऐकलंस ना?" ती सेल्समनकडे वळली. "पेन द्या हो."

निनादने गाडीचं दार ढकललं. "आई, हे पप्पा नाहीत, मला ऐकवत नाही. मला आता निघायलाच पाहिजे."